दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स

आमच्या घराशेजारच्या शेडमध्ये वडिलांनी घेतलेली फियाट ११०० उभी आहे. गाडी १९५८ सालची, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा थोडी थोरलीच. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. ऑइल पिऊ लागली. चढ आला की तिला धाप लागू लागली. आम्ही कोल्हापूरकर, त्यामुळे उद्यमनगर हाकेच्या अंतरावर. तिथल्या एका मेस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी पाच मिनिटे इंजिनाचा आवाज ऐकला आणि निकाल दिला. इंजिन खाली उतरवायचे, ब्लॉक बोअर करायचा, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड, बेअरिंगे नवी. एकदा इंजिन नीट बांधले की साहेबांना जन्मभर बघायला नको.

मन घट्ट होईना, म्हणून दुसऱ्या मेस्त्रींकडे गेलो. हे वयाने मोठे, हात काळे आणि बोलणे कमी. त्यांचे मत अगदी उलट पडले. चालू इंजिन उघडू नये, थोडे जाड ऑइल घालावे आणि जमेल तितके दिवस चालवावी. जुने माणूस आणि जुने इंजिन यांना फार ढवळायचे नसते, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ.

पस्तीस वर्षे मी बँकेत लोकांच्या यंत्रसामग्रीसाठी कर्जे मंजूर केली. जुने यंत्र दुरुस्त करावे की नवे घ्यावे, यावर पानेच्या पाने टिपणे लिहिली. आणि आता स्वतःच्या दारातल्या चार सिलिंडरांचा निर्णय होईना. प्रश्न नुसत्या पैशाचा नव्हता. बोअरिंग म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीचे लोखंड खरवडून काढणे. ते एकदा गेले की परत येत नाही. मग पिस्टनही मोठ्या मापाचे घालावे लागतात. पुढच्या वेळी आणखी मोठे. शेवटी ब्लॉकमध्ये स्लीव्ह ठोकण्याची पाळी येते. वडिलांच्या हातची गाडी वाचवता वाचवता त्यांची गाडी उरणारच नाही, अशी भीती वाटत होती. उलट काहीच न करावे, तर एखाद्या दिवशी ती घाटात कायमची बसेल याचीही भीती.

या दोलायमान अवस्थेत मला हेन्री रॉइस आठवले. रोल्स-रॉइस या जोडनावातले दुसरे. आपल्याकडे हे नाव उच्चारले की राजेमहाराजे, चांदीचे दिवे आणि शिकारीच्या मोटारी डोळ्यांपुढे येतात. पण ज्या माणसाच्या हातून ही गाडी घडली, तो स्वतःला अखेरपर्यंत एक साधा मेकॅनिकच समजत असे. आणि एखादे यंत्र किती खोलवर उघडावे, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुन्हा पुन्हा सोडवावा लागला.

फ्रेडरिक हेन्री रॉइस यांचा जन्म १८६३ साली इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळच्या ऑल्वॉल्टन या खेड्यात झाला. वडील पिठाच्या गिरणीचा धंदा करीत, पण धंदा बुडाला. कुटुंब फुटले. वडील पोटासाठी लंडनला गेले आणि १८७२ साली वारले. हेन्री तेव्हा नऊ वर्षांचा होता. रेल्वे स्टेशनवर वर्तमानपत्रे विक, दारोदार तारा पोचव, अशी कामे करीत त्याचे बालपण गेले. शाळा जेमतेम वर्षभराची. पुढे एका मावशीने वर्षाला २० पौंड भरण्याचे कबूल केले आणि पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात तो उमेदवारीला लागला. तिथे त्याला लेथ, कानस आणि माप यांची गोडी लागली. पण तीनएक वर्षांत मावशीचे पैसे आटले आणि उमेदवारी अर्धीच सुटली. लीड्सला अवजारांच्या कारखान्यात आठवड्याला ११ शिलिंगांवर काम मिळाले. तिथून तो विजेच्या नव्या धंद्यात शिरला, आधी लंडन आणि मग लिव्हरपूल. लिव्हरपूलची कंपनी बुडाली.

ज्याच्या लहानपणी सगळे मोडतच गेले, त्याला मोडणाऱ्या वस्तूंचा राग का यावा, हे समजायला मानसशास्त्र लागत नाही.

१८८४ साली रॉइसने मँचेस्टरला कुक स्ट्रीटवर स्वतःचा छोटा कारखाना काढला. त्याच्याजवळ २० पौंड होते. अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राने ५० पौंड आणले. दोघे वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहत आणि मिळेल ते खात. आधी विजेच्या घंटा, दिव्यांची बटणे अशी किरकोळ कामे केली. मग डायनामो आणि विजेवर चालणाऱ्या क्रेन. रॉइसचे डायनामो ठिणग्या कमी टाकीत आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत. त्यामुळे नाव झाले, पैसा आला. दोघा भागीदारांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्ने केली. आता स्थिरावलो, असे वाटण्याच्या बेतात असताना, बोअर युद्धाच्या सुमारास धंद्यावर संकट आले. बाजारात जर्मन आणि अमेरिकन माल स्वस्तात उतरू लागला. आपल्या क्रेनची प्रत थोडी उतरवून किंमत पाडावी, हा सोपा मार्ग होता. रॉइसने तो घेतला नाही. बँक अधिकारी म्हणून सांगतो, त्या वेळी ही फाइल माझ्या टेबलावर आली असती, तर मी कर्ज मंजूर करताना दहा वेळा विचार केला असता.

याच काळात, १९०२-०३च्या सुमारास, रॉइसने एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. डेकोव्हिल कंपनीची, दोन सिलिंडरची, दहा अश्वशक्तीची. ही गाडी रेल्वेने मँचेस्टरला आली तेव्हा सुरूच होईना, आणि ती ढकलत कारखान्यात न्यावी लागली, अशी कथा सांगतात. पुष्कळ वर्षे लोक असेही समजत की ती गाडी अगदीच टाकाऊ असणार. पण नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की डेकोव्हिल त्या काळच्या मानाने चांगली गाडी होती. मला ही दुरुस्ती फार महत्त्वाची वाटते. वाईट यंत्र उघडायला कोणीही उघडतो. रॉइसने चांगले म्हणून मानले जाणारे यंत्र उघडले.

त्याने ती पार सुटी केली. प्रत्येक भाग हातात घेऊन पाहिला. आवाज कुठून येतो, ठिणगी का चुकते, कार्ब्युरेटर पेट्रोल आणि हवा नीट का मिसळत नाही, गियरचे दात एकमेकांवर का घासतात, हे एकेक तपासले. आधी त्याच गाडीत सुधारणा केल्या. सुधारता सुधारता त्याच्या ध्यानात आले की दुसऱ्याच्या मापावर बेतलेल्या गाडीत आपल्या मनाजोगे काम पुरे होणार नाही. मग त्याने तशाच दोन सिलिंडरच्या तीन गाड्या स्वतः बांधायच्या ठरवल्या. क्लेअरमाँटला हे खूळ वाटले. आधीच धंदा मंद, त्यात हा भागीदार गिऱ्हाईक नसलेल्या वस्तूवर रात्रंदिवस खर्च करतो आहे. त्याची चिंता चुकीची नव्हती. कारखान्यातली पोरे रॉइसच्या मागे दुधाचा पेला घेऊन फिरत, कारण मालक जेवायचेच विसरत, असे सांगतात.

१ एप्रिल १९०४ रोजी पहिली रॉइस गाडी रस्त्यावर आली. त्या गाडीत जगावेगळे काहीच नव्हते. इतरांकडे असलेलेच भाग होते, फक्त प्रत्येक भाग अधिक काळजीने केलेला होता. डायनामो करता करता मिळालेले विजेचे ज्ञान ठिणगीच्या व्यवस्थेत उतरले होते. गाडी चालू असताना चटकन कळत नसे, इतकी शांत होती. त्या तीन गाड्यांपैकी एकही आज शिल्लक नाही. पण त्यांतल्या एकीने इतिहास घडवला. लंडनला परदेशी मोटारी विकणारा उमराव घराण्यातला तरुण चार्ल्स रोल्स दोन सिलिंडरच्या गाड्यांना त्यांच्या थरथराटामुळे नाक मुरडत असे. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात तो रॉइसला भेटला, गाडीत बसला आणि त्याचे मत बदलले. एक केंब्रिजला शिकलेला, दुसरा शाळा न पाहिलेला. एक सव्वीस वर्षांचा, दुसरा एकेचाळिसाचा. रॉइस जेवढ्या गाड्या करील तेवढ्या रोल्सने विकायच्या, असे ठरले. १९०६ साली रोल्स-रॉइस कंपनी रीतसर स्थापन झाली.

त्याच वर्षी रॉइसने सहा सिलिंडरची नवी गाडी काढली. तीन-तीन सिलिंडरचे दोन ब्लॉक, सात लिटरांचे इंजिन, क्रँकला सात ठिकाणी बेअरिंगचा आधार आणि दाबाने फिरणारे ऑइल. या मालिकेतल्या रुपेरी रंगाच्या एका गाडीला सिल्व्हर घोस्ट असे नाव दिले गेले आणि पुढे तेच सबंध मालिकेला चिकटले. कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांना जाहिरातीची नस पक्की ठाऊक होती. १९०७ साली त्यांनी ही गाडी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली पळवायला घेतली. लंडन ते ग्लासगो, ग्लासगो ते लंडन, रविवार वगळून दिवसरात्र. ६२९ मैलांवर ती एकदा थांबली. हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती, एवढेच कारण. त्यानंतर सक्तीने थांबण्याची वेळ न येता ती १४,३७१ मैल धावली. एकूण १५,००० मैल. त्या काळात एवढे अंतर विनातक्रार धावणारी गाडी कोणी पाहिली नव्हती.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. शर्यत जिंकलेल्या गाडीला हार घालून शोरूममध्ये उभी करण्याऐवजी कंपनीने ती क्लबच्या इंजिनिअरांच्या हवाली केली. गाडी पूर्ण सुटी करा, प्रत्येक भाग मोजा आणि गाडी पुन्हा नव्यासारखी करायला जे जे बदलावे लागेल ते बदला, असे सांगितले. तपासणी करणारे कंपनीचे नोकर नव्हते, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे बँकेत शाखेची तपासणी दुसऱ्या गावचा अधिकारी येऊन करतो, तसेच हे.

इंजिनिअरांनी इंजिन उघडले, गियर उघडले, ब्रेक आणि स्टिअरिंग उघडले. इंजिनात बदलण्याजोगी झीज सापडली नाही. स्टिअरिंगच्या एकदोन भागांत अगदी नगण्य झीज होती. आणखी काही बारीकसारीक भाग होते. व्हॉल्व्ह घासून बसवले, पाण्याच्या पंपाचे पॅकिंग नवे केले. बदललेल्या भागांचे बिल झाले २ पौंड, २ शिलिंग आणि ७ पेन्स. जिची नुसती चासीच हजार पौंडांच्या आसपास होती, त्या गाडीचे हे बिल.

हा आकडा मोटारवेड्या लोकांत प्रसिद्ध आहे आणि तो सहसा गाडीच्या मजबुतीचा पुरावा म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण मला त्यातून दुसरे काही दिसले. उघडणे आणि बदलणे हे दोन वेगवेगळे निर्णय आहेत. माझ्या दोन्ही मेस्त्रींनी त्यांची गाठ मारली होती. पहिल्यांच्या मते उघडले की बदलायचेच. दुसऱ्यांच्या मते बदलायचे नसेल तर उघडायचेच नाही. क्लबच्या इंजिनिअरांनी शेवटच्या खिळ्यापर्यंत उघडले आणि बदलले मात्र दोन पौंडांचे. मधली पायरी होती मापाची. हिशेबात आम्ही ज्याला घसारा म्हणतो, तो बँकेत दरसाल ठरावीक टक्क्याने कागदावर कापला जातो. लोखंडाला ते टक्के ठाऊक नसतात. त्याचा घसारा मायक्रोमीटर लावल्याशिवाय कळत नाही.

रॉइसचे पुढचे आयुष्य याच कसोटीवर उतरले, पण तिथे यंत्र त्याच्या स्वतःच्या शरीराचे होते. १९०८ साली डर्बीला मोठा कारखाना उभा राहिला. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथच्या विमानमेळाव्यात विमान कोसळून रोल्स गेला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. १९११ साली रॉइस स्वतः अंथरुणाला खिळला. वर्षानुवर्षांची उपासमार आणि जागरणे यांनी आतडी पोखरली होती. जॉन्सन त्याला घेऊन इजिप्तपर्यंत फिरले, मग फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ल कानादेल येथे त्याच्यासाठी घर बांधले. १९१२ साली लंडनला मोठी शस्त्रक्रिया झाली. हा माणूस फार दिवस काढील, अशी आशा थोड्यांनाच होती.

तो पुढे एकवीस वर्षे जगला. मात्र कारखान्यात रोज उभे राहण्याचे दिवस संपले होते. पत्नीपासूनही तो दुरावला. एथेल ऑबिन नावाच्या परिचारिकेने त्याला अखेरपर्यंत सांभाळले. हिवाळ्यात फ्रान्सचा किनारा, उन्हाळ्यात इंग्लंडमधले वेस्ट विटरिंग, जवळ मोजकेच आरेखक. तिथून तो डर्बीला पत्रे आणि नकाशे पाठवी. स्क्रूचा आटा, नळीचे वळण, बेअरिंगमधली फट, सगळ्यांवर सूचना असत. जॉन्सन यांना याचे दुःख नव्हते, असे म्हणतात. साहेब कारखान्यात असले की चालू काम थांबवून सुधारणा सुरू होत आणि गाड्या वेळेवर बाहेर पडत नसत. पूर्णतेच्या ध्यासाचा हा दुसरा चेहरा. रॉइसजवळ मापाचा डोळा होता, पण कुठे थांबायचे हे सांगणारा माणूस त्याला बाहेरूनच लाभला. आधी क्लेअरमाँट, मग जॉन्सन. हे दोघे नसते, तर कदाचित ती डेकोव्हिल अजून सुटीच पडली असती.

पहिल्या महायुद्धात रॉइसने ईगल हे विमानाचे इंजिन काढले. १९१९च्या जूनमध्ये अल्कॉक आणि ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला, तो अशा दोन इंजिनांच्या बळावर. श्नायडर करंडकाच्या समुद्री विमानांच्या शर्यतीसाठी आर नावाचे इंजिन झाले, तेव्हा रॉइस पासष्टी ओलांडून गेला होता. त्या इंजिनाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. ते पूर्ण ताकदीने पळवायचे, काहीतरी मोडेपर्यंत. जे मोडले तेवढेच सुधारायचे आणि पुन्हा पळवायचे. अंदाजाने सगळेच भाग जाड करीत बसायचे नाही. १९२९ आणि १९३१ अशा दोन्ही वर्षी करंडक इंग्लंडला मिळाला. २९ सप्टेंबर १९३१ रोजी याच इंजिनाच्या विमानाने ताशी ४०० मैलांचा टप्पा ओलांडला. १९३० साली रॉइसला बॅरोनेट हा किताब मिळाला. वर्तमानपत्रे विकणारा पोरगा सर हेन्री झाला.

२२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंगला त्याचे निधन झाले. सत्तर वर्षांचे आयुष्य. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांना ज्याने उचलले, ते मर्लिन इंजिन त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी पहिल्यांदा धडधडले. त्याच्या अस्थी पुढे १९३७ साली ऑल्वॉल्टनच्या चर्चमध्ये नेण्यात आल्या, जिथून पिठाच्या गिरणीवाल्याचे कुटुंब देशोधडीला लागले होते.

कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची चाचणी झाली. ६२० मैलांचे अंतर, त्या काळचे रस्ते आणि वाटेत आपले घाट. त्यात रॉइसची एक सिल्व्हर घोस्ट अव्वल ठरली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे गेली. म्हणजे आमच्या गावाने रॉइसचे काम फार पूर्वीच पाहिले होते. उद्यमनगर व्हायच्या कितीतरी आधी.

असो. आमच्या फियाटचे काय झाले? मी पुन्हा वयस्कर मेस्त्रींकडे गेलो आणि विनंती केली की इंजिन पूर्ण उघडा, पण माप घेतल्याशिवाय काहीही बदलू नका. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग काही न बोलता पान्हा घेतला. हेड निघाले, चेंबर निघाले. लेथवाल्याकडून बोअर गेज आणला. दोन दिवस वहीवर आकडे लिहिले गेले, चारही सिलिंडरचे, वर, मध्ये आणि खाली. सिलिंडरची झीज मर्यादेत होती. क्रँक उत्तम होता. ऑइल जात होते ते व्हॉल्व्हच्या गाइडमधून, आणि रिंगाही थकल्या होत्या. गाइड, दोन व्हॉल्व्ह, रिंगा, बिग एंडची बेअरिंगे आणि गॅस्केटचा संच, एवढे नवे आले. वडिलांच्या वेळचे पिस्टन साफ करून त्याच जागी परत गेले. ब्लॉकचे लोखंड होते तेवढे राहिले. पुढे कधी बोअर करावे लागलेच, तर ती वाट माझ्या मुलासाठी शिल्लक आहे.

बिल दोन पौंडांपेक्षा बरेच जास्त झाले, हे खरे. पण पहिल्या मेस्त्रींच्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही नाही. मापांची ती वही मी गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे. पुढच्या वेळी इंजिन उघडणाऱ्याला कुठून सुरुवात झाली होती, ते तिच्यात सापडेल.